रिकाम्या टाकीतली हाक

१

मार्च महिन्यात आमच्या मेन्दोसातले रस्तेसुद्धा गोड होतात. द्राक्षं भरलेल्या ट्रकांमधून रस गळतो, डांबरावर वाळतो आणि चालताना चपला चिकटून चर्र चर्र वाजतात. शाळाही त्याच महिन्यात उघडतात. त्या वर्षी मात्र शाळा माझ्याशिवाय उघडली. जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले होते आणि सकाळी उठून काय करायचं, हे मला कळेनासं झालं होतं.

धाकटा भाऊ एव्हारिस्तो माझ्याच घरात, मागच्या खोलीत राहायचा. तो रेडिओवरचा माणूस. गारपीट होणार, हे तो अशा आवाजात सांगायचा की मळेवाल्यांनाही क्षणभर बरं वाटायचं. मग ते केंद्र बंद पडलं आणि त्याच्याबरोबर एव्हारिस्तोही बंद पडला. दिवसचे दिवस पलंगाच्या कडेला बसून राहायचा. जेवायला हाक मारली की यायचा, ताट रिकामं करायचा, परत जायचा. मला त्याची भीती वाटायला लागली होती. म्हणजे त्याची नव्हे, एखाद्या सकाळी त्याच्या खोलीचं दार उघडायची.

आणि एका सकाळी तोच माझ्या दारात उभा. दाढी केलेली, गळ्यात कानावरचे हेडफोन, हातात जुना रेकॉर्डर.

"ओती, गाडी काढ. आपण निघालो."

"कुठे?"

"काफायाते. चाळीस नंबरच्या रस्त्याने, थेट उत्तरेला. वाटेत दिसेल त्या बोदेगात, वाइन बनते त्या कारखान्यात, शिरायचं आणि वाइनचा आवाज गोळा करायचा. रस आंबताना बोलतो, माहितीय? दर बोदेगात वेगळं बोलतो."

"तो बोलत नाही. वायू सुटतो त्याचा आवाज असतो."

"हो मास्तरीणबाई, वायू सुटतो. तुम्ही गाडी चालवा, मी वायू ऐकतो."

मी ओतिलिया, वय झालेली, गुडघे दुखणारी बाई, त्या क्षणी लहान मुलीसारखी आनंदले. दुपारच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. मांडीवर थर्मास, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला, दोघांत एकच नळी, डाव्या हाताला बर्फाची शिखरं आणि शेजारी गाणारा भाऊ.

पहिला मुक्काम शहराबाहेरच, माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या, बासिलियोच्या बोदेगात. तिथल्या टाक्या जुन्या पद्धतीच्या, जमिनीखाली बांधलेल्या सिमेंटच्या. वर फरशीत फक्त माणूस जाईल एवढं गोल तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. भरलेल्या टाकीचा फसफसाट टिपून झाल्यावर एव्हारिस्तो एका रिकाम्या टाकीपाशी गुडघ्यावर बसला आणि आपल्या त्या दणदणीत आवाजात ओरडला, "कोण आहे रे खाली?"

आणि काहीच झालं नाही.

हे मला नीट सांगायला हवं. सिमेंटची रिकामी टाकी म्हणजे जमिनीत पुरलेली घंटा. नुसतं खोकलात तरी ती तुमचा खोकला तुम्हाला परत देते. एव्हारिस्तोचा आवाज आत गेला आणि गादीत सुई जावी तसा नाहीसा झाला.

"ओल असेल," बासिलियो म्हणाला.

"ओल आवाज खात नाही," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही अजून मला नापास करताय," असं म्हणून तो हसला, आम्हीही हसलो आणि वर जाऊन सारण भरलेल्या गरम एम्पानादा खाल्ल्या.

२

दुसऱ्या दिवशी सान हुआन. ऊन असं की स्टिअरिंगला हात भाजत होते. रस्त्याकडेला वाटसरूंना सांभाळणाऱ्या गाउचितोची लाल झेंड्यांची देवळी आली की एव्हारिस्तो माझ्या हातावरून वाकून भोंगा वाजवायचा, आणि पुढे पुढे मीही वाजवायला लागले. रस्त्यालगतच्या एका मळ्यात पाटी दिसली आणि आम्ही वळलो. मालक म्हातारा विधुर, कुत्र्याशी बोलत बसलेला. आवाज टिपायचाय म्हटल्यावर त्याने विचारलंही नाही कशासाठी. तळघराची किल्ली दिली आणि कुत्र्याकडे परत वळला.

तळघर थंड होतं. मी पायऱ्यांवरच होते, एव्हारिस्तो रेकॉर्डरच्या तारा सोडवत होता. मधल्या रांगेतल्या एका टाकीचं झाकण उघडं होतं.

त्या उघड्या तोंडातून आवाज आला.

"कोण आहे रे खाली?"

एव्हारिस्तोचा. शेवटी थोडं हसू मिसळलेला, जसा त्याने आदल्या दिवशी टाकला होता तसाच. मी एव्हारिस्तोकडे पाहिलं. त्याचं तोंड बंद होतं. हातात तारांचा गुंता.

 मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते मी अनेक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"ओती! ऐकलंस?"

"रेकॉर्डर चालू असेल तुझा. कालचं वाजलं असेल."

त्याने रेकॉर्डर माझ्यापुढे धरला. त्यात बॅटरीसुद्धा घातलेली नव्हती.

मग तो धावलाच. टाकीच्या तोंडाशी पालथा पडला आणि आत ओरडला, "मी! एव्हारिस्तो!"

याही वेळी प्रतिध्वनी आला नाही. आवाज गेला तो गेलाच.

गाडीत बसल्यावर तो थांबेचना. "काल तिथे टाकला, आज इथे निघाला! एवढं अंतर! खालून काही वाहत असेल का ग? झरा, भुयार?"

"तुझ्यासारखा आवाज असलेला कुणी मळ्यात काम करत असेल," मी म्हणाले. "वर उभा राहून मजा केली असेल."

"माझ्यासारखा आवाज?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "ओती, माझा अपमान करू नकोस."

मी हसले. खरं सांगते, मलाही आतून उकळ्या फुटत होत्या. साऱ्या आयुष्यात मी पोरांना सांगत आले की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. आता एक गोष्ट समोर होती, जिचं कारण मला माहीत नव्हतं, आणि ती माझ्या भावाच्या गालांवर रंग आणत होती.

३

मिरान्दाच्या घाटात डोंगर विटेसारखे लाल आहेत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. समोरून ट्रक आला की मी श्वास रोखायचे आणि एव्हारिस्तो माझ्या कानाशी रेडिओवरच्या आवाजात धावतं वर्णन करायचा: "श्रोतेहो, मास्तरीणबाईंनी आरसा दरीला अर्पण केलेला नाही! अजून नाही!" घाट उतरताना आम्ही कसलं तरी जुनं गाणं तारस्वरात म्हटलं आणि शेवटचं कडवं आठवलं नाही म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं.

चिलेसितोच्या बाहेरच्या बोदेगात पोचलो तेव्हा बाहेर द्राक्षांच्या पेट्या उतरत होत्या, माश्या घोंघावत होत्या, मजूर एकमेकांना शिव्या घालत होते. आत मात्र शांत. लांब खोली, छताला एक दिवा, जमिनीत झाकणांची रांग. या वेळी एव्हारिस्तो सगळं जोडून तयार होता. कानावर हेडफोन, हातात माइक. राखणदाराने एक रिकामी टाकी उघडून दिली आणि तो बाहेरच्या गोंगाटात परत गेला.

आम्ही दोघं तोंडाच्या दोन बाजूंना बसलो. वाट बघत. लपंडावात लपलेल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघून हसू दाबत.

"मी! एव्हारिस्तो!" टाकी म्हणाली.

त्याने आनंदाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी काही तरी बोलणार होते. तेवढ्यात टाकीतून आणखी एक आवाज आला. बाईचा, घोगरा, रडून रडून बसलेला.

"एव्हारिस्तो, ऐक माझं. वर ये."

आपला आवाज आपल्याला लवकर ओळखू येत नाही. आधी एव्हारिस्तोचे डोळे माझ्याकडे वळले, मग मला कळलं.

"तू कधी ओरडलीस? सान हुआनमध्ये? मी गाडीकडे गेलो तेव्हा?"

"मी कुठल्याच टाकीत तोंड घातलेलं नाही."

"अगं मग..."

"मी हे वाक्य कधीच बोललेली नाही, एव्हारिस्तो."

 मग तो हळूच, जणू मला भेट देतोय अशा सुरात म्हणाला, "म्हणजे तू ते अजून बोलायची आहेस."

त्याने टेप मागे फिरवून लावली. हेडफोन माझ्या कानावर दिला. टेपवर बाहेरच्या पेट्यांचा खडखडाट होता, त्याच्या थापेचा आवाज होता, आमचं कुजबुजणं होतं. टाकीचा आवाज नव्हता. जिथे तो असायला हवा होता, तिथे आम्ही दोघं नुसते श्वास घेत होतो.

४

बेलेनमध्ये जेवायला थांबलो. बकऱ्याचं मटण, वाफाळतं. मी ताट बाजूला सारलं.

"परत फिरू या," मी म्हणाले.

"आता? उद्या काफायाते!"

"मला तो आवाज आवडला नाही."

"तो तुझाच आवाज आहे बये."

"म्हणूनच."

त्याने पाव मोडला, रश्शात बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओती, त्या खोलीत मी काय विचार करत बसायचो, तुला माहीत नाही. तू कधी विचारलं नाहीस, बरं झालं. आता सकाळी जाग येते तेव्हा मला वाटतं, आज काय ऐकू येईल? कळतंय तुला? मला 'आज' असा शब्द सुचतो."



मी मनाशी ठरवलं, ते एक वाक्य आपण बोलायचं नाही. काहीही झालं तरी नाही. न बोललेलं वाक्य परत येऊ शकत नाही, आणि जे आधीच परत आलंय ते मग खोटं ठरेल. माझ्या विद्यार्थ्याने असा युक्तिवाद केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी मात्र तो घट्ट धरला आणि मला हलकं वाटलं. दुपारी पुन्हा गाडी सोडली तेव्हा मीच भोंगा वाजवला.

५

तोलोम्बोन काफायातेच्या अलीकडचं लहानसं गाव. तिथे हासिंताची बोदेगा. हासिंता चाळिशीची, दंड मजुरासारखे, हात मनगटापर्यंत जांभळे. खुडणीचा शेवटचा दिवस होता, त्यामुळे अंगणात शेगडी पेटली होती, मांसाचा धूर, गिटार, बायकांचा हशा. आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, तरी हातात पेले आले. थंड पांढरी तोर्रोन्तेस वाइन. नाकाशी नेली की फुलबाग, जिभेवर ठेवली की लिंबाची साल.

हासिंताने तळघर दाखवलं, पण दारातच आमच्या आडवी झाली.

"एक सांगते काका, माझ्या टाक्या आत्ता जोरात आंबताहेत. वाकून बघायचं नाही. जो वायू सुटतो तो दिसत नाही, वास येत नाही. दोन श्वासांत माणूस झोपतो. आम्ही मेणबत्ती सोडून, विझते का ते बघितल्याशिवाय झाकणापाशी जात नाही."

"आणि रिकाम्या टाक्या?" एव्हारिस्तोने विचारलं.

"टोकाला एकच आहे. ती तर आणखी वाईट. तो वायू जड असतो. जमिनीवरून वाहत जातो आणि खड्डा दिसेल तिथे भरतो. बाई, काका तुम्हाला मास्तरीण म्हणतात ना, सांगा यांना."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पाण्यासारखा वाहतो."

एव्हारिस्तोने दोन्ही हात वर केले. "मी दारातूनच ऐकेन. शपथ."

जेवणं सुरू झाली. कुणीतरी मला नाचायला ओढलं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं, कुणी ऐकलं नाही, आणि भर उन्हात, धुरात, कुठल्याशा म्हाताऱ्याच्या समोर मी रुमाल फिरवत नाचले. लोक टाळ्या वाजवत होते. मी एव्हारिस्तोला बघायला वळले. त्याने हे बघायलाच हवं होतं.

बाकावर त्याचा पेला होता. तो नव्हता.

६

अंगणातून तळघरात शिरताना डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग रांग दिसली. भरलेल्या टाक्या झाकणांखाली फसफसत होत्या, पुष्कळ लोकांनी एकाच वेळी कुजबुजावं तसं. टोकाच्या टाकीचं झाकण बाजूला होतं. तोंडातून वर उजेड येत होता. त्याने बॅटरीचा कंदील दोरीने आत सोडला होता.

आणि एव्हारिस्तो शिडीवर होता. कमरेपर्यंत आत, छाती आणि डोकं वर. मान कललेली, हेडफोन गळ्यात. तो ऐकत होता. चेहऱ्यावर हसू होतं, आईने झोपेतून उठवताना लहानपणी असायचं तसं.

मी तोंड उघडलं. जिभेवर काय आलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मी ते दातांनी अडवलं.

तो आणखी एक पायरी उतरला.

मी धावले. श्वास रोखून फरशीवर पडले, त्याची कॉलर आणि कॉलरखालचं कातडं मिळेल तसं मुठीत पकडलं. त्याच क्षणी तो सैल पडला. सगळं वजन माझ्या हातावर आलं. खांद्यात काही तरी तुटल्यासारखं झालं. छाती फुटायला आली होती. मी मान मागे वळवून, दाराच्या दिशेने, असेल नसेल तेवढ्या जोराने ओरडले.

"हासिंता!"

गिटार थांबली. पावलं ऐकू आली.

ते येईपर्यंत मी त्याला धरून ठेवलं आणि ते करताना माझी नजर खाली गेली. जायला नको होती. कंदील टाकीच्या तळाच्या जरा वर लोंबत होता, हळूहळू फिरत होता. तळाशी एक बाई बसली होती. मांडी घालून, पाठ माझ्याकडे. पिकलेले केस, मागे पिन लावलेले. मी त्या सकाळी आरशासमोर लावली होती तशीच पिन. तिच्या मांडीवर कुणाचं तरी डोकं होतं. ती झुलत होती, पुढे मागे, पुढे मागे, आणि पुटपुटत होती. शब्द नीट ऐकू येत होते.

"एव्हारिस्तो, ऐक माझं. वर ये. एव्हारिस्तो, ऐक माझं..."

मग ती थांबली. वरून उजेडात कुणाची तरी सावली पडल्याचं तिला कळलं असावं. तिने मान वळवायला सुरुवात केली.

माझ्या दोन्ही बाजूंनी जांभळे हात आले, एव्हारिस्तोला बगलेत धरून त्यांनी उचकटून वर काढलं, मला पायांना धरून मागे ओढलं. कुणीतरी झाकण ढकललं. ते बसल्याचा आवाज तळघरभर घुमला आणि बराच वेळ घुमत राहिला.

७

अंगणात त्याला उन्हात झोपवलं. हासिंताने त्याच्या गालांवर फटाफट चापट्या मारल्या. तो खोकला, ओकला आणि शेवटी डोळे उघडून निळ्या आकाशाकडे बघत म्हणाला, "श्रोतेहो, क्षमस्व."

मग काय दंगा झाला! बायका रडत हसत होत्या, हासिंता त्याला अशा शिव्या देत होती की तिच्याच माणसांनी कान झाकले, कुणीतरी गिटार पुन्हा उचलली. माझा खांदा गळपट्ट्यात बांधला. एव्हारिस्तोने माझा चांगला हात हातात घेतला.

"तू खालून हाक मारत होतीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तूच आधी उतरलीस. म्हणून मी आलो."

"मी नाचत होते."

"हो?" तो खूश झाला. "खरंच? आणि मी चुकवलं?"

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू वाकली होतीस ना? काय दिसलं?"

"अंधार," मी म्हणाले.

जे दिसलं त्याची कारणं मी शोधली आहेत. वाकल्यावर एखादा श्वास मीही घेतला असेल. मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणसाला काहीही दिसतं, हे मी फळ्यावर लिहून दिलेलं आहे. हे सगळं बरोबर आहे. फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही: तिचा आवाज आम्ही दोघांनी चिलेसितोत, पूर्ण शुद्धीत ऐकला होता. ती बाई आम्हाला ओढायला बसली नव्हती. तिचा एव्हारिस्तो तिच्या मांडीवर होता, वरचे आम्ही तिला माहीतच नव्हतो. तिला कुणीतरी वरून बघावं, एवढंच हवं होतं.

काफायातेला आम्ही गेलो. दोन दिवस राहिलो, वाइन प्यायलो, खांदा दुखत असताना मी हसून हसून लोळले. परत येताना गाडी त्याने चालवली. घरी आल्यावर मळेवाल्यांनी चालवलेल्या एका लहानशा रेडिओवर तो सकाळची बातमीपत्रं सांगायला लागला. गारपिटीची बातमी अजूनही तशीच सांगतो. मागची खोली दिवसभर रिकामी असते आणि तिचं दार उघडायला मला आता भीती वाटत नाही.

एक सवय मात्र मला लागली आहे. जेवण तयार झालं, फोन आला, काही पडलं झडलं, तरी मी त्याला नावाने हाक मारत नाही. उठते, गुडघे सावरत दोन खोल्या ओलांडून त्याच्यापर्यंत जाते आणि खांद्याला हात लावते. त्याला वाटतं, म्हातारपणात माझा आवाज बसला आहे.